जोडशोध आणि उघडपणा (पेटंट कायदा)

आधीच ठाऊक असलेल्या दोन-तीन गोष्टी जोडून केलेल्या शोधाला पेटंट द्यावे का, हे ठरवण्याची कसोटी. जोडणी पूर्वी कुणी केलेली नसली तरी तेवढ्याने भागत नाही. त्या धंद्यातल्या सर्वसाधारण जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी असेल, तर शोध ‘उघड’ ठरतो आणि पेटंट मिळत नाही. मिळालेले असल्यास रद्द होऊ शकते.

इंग्लंडमधले १८९० चे सॉसेज यंत्राचे प्रकरण यात नेहमी सांगितले जाते. खिमा करणारे यंत्र जुने, तो आवरणात भरणारे यंत्रही जुने. दोन्ही एकाला एक जोडली, पण प्रत्येकाचे काम होते तेच राहिले. पेटंट टिकले नाही. भारताच्या १९७० च्या कायद्यातले कलम ३(एफ) अशाच नुसत्या मांडामांडीला शोध मानत नाही.

अमेरिकेत २००७ साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा खटला गाजला. वाद मोटारीच्या पेडलचा. चालकाच्या उंचीप्रमाणे पुढे-मागे सरकणारे पेडल आधीच होते, पेडल किती दाबले ते टिपणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सरही होता. सेन्सर हलत्या भागावर बसवला की वायरी घासून झिजत. म्हणून तो पेडल जिच्याभोवती फिरते त्या न हलणाऱ्या खिळीपाशी बसवला, एवढाच दावा. खालचे अपील न्यायालय ‘हे दोन जोडा’ असा इशारा जुन्या पेटंटांत किंवा जाणकारांच्या माहितीत काटेकोरपणे शोधत असे. सर्वोच्च न्यायालयाने तो हट्ट एकमताने मोडीत काढला: जाणकार म्हणजे यंत्रमानव नव्हे, थोडी कल्पकता त्यालाही असतेच.

उलट अमेरिकेतल्याच १९६६ च्या अ‍ॅडम्स खटल्यात मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइडच्या, पाणी घालताच चालू होणाऱ्या बॅटरीचे पेटंट टिकले. घटक जुनेच, पण अशा जोडणीपासून दूर राहावे असे त्या काळच्या ज्ञानावरून वाटत होते. तज्ज्ञांचाही आधी विश्वास बसला नव्हता.

खरी अडचण पश्चातबुद्धीची. उत्तर समोर ठेवले की कोडे सोपेच दिसते. त्यामुळे परीक्षकाला शोधाच्या आधीच्या दिवसात जाऊन विचार करावा लागतो, आणि ते म्हणावे तितके सोपे नाही.

भारतातला आधारभूत निवाडा १९७८ चा, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. लेथवर, म्हणजे वस्तू फिरवत ठेवून तिच्यावर काम करण्याच्या यंत्रावर, भांडे घट्ट दाबून धरण्याची युक्ती पेटंटात होती. लेथच्या जुन्याच तत्त्वाची ही कारागिरी आहे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने पेटंट अवैध ठरवले.