फ्रान्समधील बदकांचे सक्तीचे लसीकरण: पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०२३पासून २५०पेक्षा अधिक बदके असलेल्या फार्मवर, मांसासाठी व फोई ग्रासाठी (बदकाला भरपूर खाऊ घालून फुगवलेले यकृत, एक फ्रेंच खाद्यपदार्थ) वाढवल्या जाणाऱ्या बदकांना बर्ड फ्लूची लस टोचणे बंधनकारक झाले. कोंबड्या आणि टर्की या सक्तीतून वगळल्या गेल्या. फक्त बदकेच का, याचे उत्तर त्यांच्या शरीरात आणि त्यांच्या संगोपनाच्या पद्धतीत आहे. लागण झालेले बदक आजारी दिसण्याच्या आधीपासूनच विषाणू बाहेर टाकू लागते. त्यात नैऋत्येकडील लांद आणि जेर या भागांत फोई ग्राचे बदक अनेकदा एकाच ठिकाणी वाढत नाही. आधी काही आठवडे ते मोकळ्या कुरणावर असते आणि शेवटचे दहा-बारा दिवस, नळीने मका भरवण्यासाठी, बऱ्याचदा दुसऱ्याच मालकाच्या शेडमध्ये जाते. ही ने-आण ट्रकने होते, आणि पक्ष्यांबरोबर पिंजरे, चाके व बूट यांवरून विषाणूही फिरतो.

आशियात २००५च्या सुमारास चीन आणि व्हिएतनाम यांनी कोंबड्यांबरोबर बदकांनाही लस देण्यास सुरुवात केली. युरोपने मात्र बाधित व आसपासचे पक्षी नष्ट करण्याचाच मार्ग धरला. फेब्रुवारी २००६मध्ये, नवापूरच्या कोंबड्यांमुळे हा रोग महाराष्ट्राच्या घराघरांत चर्चेचा विषय झाला त्याच सुमारास, फ्रान्समध्ये एका रानबदकात बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. तेव्हा तेथील काही भागांत बदके व हंस यांच्या मर्यादित लसीकरणाला परवानगीही मिळाली, परंतु ते धोरण म्हणून रुजले नाही.

ते रुजले ते नुकसानीच्या आकड्यांमुळे. नैऋत्येकडील बदकपालकांनी २०१५-१६पासून लागोपाठ साथी पाहिल्या. २०२१-२२च्या हंगामात तर सुमारे १,४०० उद्रेक झाले आणि दोन कोटींहून अधिक पक्षी नष्ट करावे लागले. त्या वसंतात साथ पश्चिमेकडील व्हांदेपर्यंत पोहोचली. तेथे पैदाशीचे कळपच गेल्यामुळे रोग ओसरल्यावरही शेड भरण्यास पिल्ले मिळेनात. पक्षी नष्ट करण्याचा उपाय स्वस्त पडतो, हा जुना हिशेब येथे मोडला.

तरीही निर्णयाला वेळ लागला, आणि त्याचे कारण वैद्यकीय कमी व व्यापारी अधिक होते. लस दिलेला पक्षी आजारी दिसत नाही, पण विषाणू बाळगू शकतो. म्हणून लसीकरण करणाऱ्या देशाचा माल घेणे म्हणजे छुपा रोग विकत घेणे, अशी आयातदार देशांची भूमिका होती. शंका निराधार नव्हती, मात्र तिला उत्तर नव्हते असेही नाही. ‘लागण आणि लस यांत फरक करता येणे’ या काहीशा अवघड संकल्पनेत ते उत्तर आहे. वापरल्या गेलेल्या लशीत विषाणूच्या पृष्ठभागावरील एच५ हे एकच प्रथिन असते. त्यामुळे लस घेतलेल्या बदकाच्या रक्तात त्या एका प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. प्रत्यक्ष लागण झाली असेल तर विषाणूच्या आतील प्रथिनाविरुद्धचीही आढळतात. रक्ताच्या एका थेंबावरून दोन्ही वेगळे काढता येतात. हे तत्त्व माहीत असूनही व्यापारी करारांच्या भाषेत ‘लसीकरण’ हा शब्द ‘रोगग्रस्त’ याच्या शेजारीच बसवला जात राहिला, ही या इतिहासातील खटकणारी बाब आहे.

युरोपीय संघाने लसीकरणाचे सामायिक नियम मार्च २०२३पासून लागू केले, आणि त्यांत लशीइतकेच वजन पाळतीला दिले. फार्मवर ते असे दिसते: दहा दिवसांच्या पिल्लाला मानेच्या कातडीखाली पहिली मात्रा, अठरा दिवसांनी दुसरी, जोखमीच्या भागांत व हंगामात तिसरी, मेलेल्या बदकांच्या घशातून दर आठवड्याला नमुने आणि महिन्यातून एकदा पशुवैद्याची तपासणी. पहिल्या वर्षी खर्चाचा ८५ टक्के भार सरकारने उचलला. दुसऱ्या वर्षी तो वाटा ७० टक्क्यांवर आला.

२०२३-२४मध्ये देशभरात दहा उद्रेक नोंदले गेले. त्या हंगामात युरोपभरच विषाणूचा जोर कमी होता, हे लशीच्या समर्थकांनी विसरू नये. परंतु केवळ तेवढ्याने १,४०० ते दहा ही घसरण समजत नाही. अमेरिकेने मोहिमेच्या पहिल्याच दिवसापासून फ्रान्समधील पक्षी व पक्षिजन्य मालावर निर्बंध घातले होते. ते जानेवारी २०२५मध्ये उठवले.