ईएमएमसी

मोबाइल, टॅब्लेट, सेट-टॉप बॉक्स, गाडीतला टचस्क्रीन अशा उपकरणांच्या बोर्डवर कायमची सोल्डर केलेली साठवणुकीची चिप म्हणजे ईएमएमसी. ती प्रोसेसरशी ज्या ठरावीक रीतीने देवाणघेवाण करते त्या मानकालाही हेच नाव आहे. एम्बेडेड मल्टिमीडिया कार्ड हे पूर्ण नाव. सँडिस्क आणि सीमेन्स यांनी १९९७ साली मल्टिमीडिया कार्ड आणले. पुढे तेच खाचेतून निघून बोर्डवर स्थिरावले. मानक ठरवण्याचे काम जेडेक ही चिप-उद्योगाची संस्था करते.

चिपच्या पोटात नँड फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणारी मेमरी असते. या मेमरीत लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक, म्हणजे मेमरीचा एक ठरावीक मोठा तुकडा, पुसावा लागतो. एक ब्लॉक किती वेळा पुसता येईल यालाही मर्यादा असते आणि काही ब्लॉक तर कारखान्यातूनच खराब निघतात. पूर्वी हे सगळे प्रोसेसरवरच्या सॉफ्टवेअरला सांभाळावे लागे. ईएमएमसीने नँडच्या जोडीला त्याच चिपमध्ये कंट्रोलर बसवला. खराब ब्लॉक वगळणे, झीज सगळीकडे सारखी वाटणे, चुका दुरुस्त करणे हे तो आतल्या आत उरकतो. ईएमएमसीचे खरे मोठेपण वेगापेक्षा यात आहे: तिच्यामुळे स्वस्त फोन बनवणे सोपे झाले.

जोडणी साधी आहे: आठ डेटा लाइन, एक क्लॉक, एक कमांड. २०१५ च्या ५.१ आवृत्तीत कमाल वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट. पण हा एकेरी पूल आहे. डेटा एका वेळी एकाच दिशेने जातो. मागे ॲप अपडेट होत असताना फोटोंची गॅलरी अडखळते, त्याचे एक कारण हेच. यूएफएस (युनिव्हर्सल फ्लॅश स्टोरेज) या साठवणुकीच्या नव्या मानकात जाण्यायेण्याच्या वाटाच वेगळ्या केल्या. त्याची पहिली आवृत्ती २०११ ची, आणि २०१५ च्या गॅलेक्सी एस६ पासून ते महागड्या फोनांत रुळले. २०२२ च्या यूएफएस ४.० मध्ये एका लेनचा, म्हणजे डेटाच्या एका वाटेचा, वेग सेकंदाला २३.२ गिगाबिट आहे. तरीही जिथे पैसे वाचवायचे आहेत, तिथे ईएमएमसी आजही टिकून आहे.

झिजेचा धडा टेस्लाच्या गाड्यांनी दिला. मॉडेल एस आणि एक्समधल्या ८ जीबीच्या चिपवर लिहिण्या-पुसण्याचा मारा सतत चालू राहिला. चिपची पुसण्याची मर्यादा संपली की मधला स्क्रीन बंद पडे आणि मागच्या कॅमेऱ्याचे चित्रही दिसेना. २०२१ साली अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दहा-पंधरा वर्षे चालायच्या यंत्रात चिप निवडताना रोज किती लिहिले जाणार, हा हिशेब आधी मांडायलाच हवा.

दुरुस्तीच्या टेबलावर ही चिप बहुधा ११.५ बाय १३ मिलिमीटरची काळी चौकट असते, खाली सोल्डरचे १५३ बारीक गोळे. मेलेल्या फोनमधला डेटा काढताना कारागीर दरवेळी ती उपटत नाही. क्लॉक, कमांड, आठपैकी एकच डेटा लाइन, ग्राउंड आणि वीज एवढ्यांना केसासारख्या तारा जोडल्या तरी चिप वाचता येते, कारण मानकातच एका लाइनवर चालण्याची सोय आहे. अलीकडच्या अँड्रॉइड फोनांत मात्र डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. त्यामुळे नुसती चिप वाचून भागत नाही. मूळ बोर्डच पुन्हा चालू करावा लागतो.