परड्यातला मिरीचा वेल

गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या कोल्हापूरच्या डोंगरी तालुक्यांत काळ्या मिरीचा विषय काढला, की पाऊस तर आपल्याकडे हवा तेवढा आहे, असे उत्तर हमखास येते. मिरीला वर्षाला २००० ते ३००० मिलिमीटर पाऊस पुरतो आणि गगनबावड्यात त्याहून पुष्कळ अधिक पडतो, हे खरेच आहे. मात्र केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरातही मोसमी पाऊस जमीन भिजवतो, तर आपल्याकडे दिवाळीनंतर वळवापर्यंत आभाळ कोरडे राहते. त्यामुळे येथे मिरीची परीक्षा फाल्गुन-चैत्रात होते.

मिरी मूळची पश्चिम घाटाच्याच जंगलातली. झाडाच्या खोडाला मुळांनी धरून ती सावलीत वर चढते. परड्यातल्या फणसावर, आंब्यावर किंवा बांधावरच्या पांगाऱ्यावर वेल चढवता येतो, त्यासाठी भात-नाचणीचे वावर मोडावे लागत नाही. ज्याच्याकडे मोजकीच गुंठे जमीन आहे, त्याच्या दृष्टीने माझ्या मते हाच या पिकाचा सर्वांत मोठा गुण आहे. ‘पन्नियूर-१’ या संकरित जातीला मात्र दाट सावली मानवत नाही, म्हणून पावसाळ्याआधी आधाराच्या झाडाच्या फांद्या छाटून उजेड आत घ्यावा लागतो.

पहिल्या पावसाबरोबर फुलोरा येतो. लोंबत्या घोसावरची ही फुले अगदी बारीक, पाकळ्या नसलेली असतात आणि घोसावरून ओघळणारे पावसाचे थेंब पराग खालच्या फुलांपर्यंत नेण्यास मोठी मदत करतात. म्हणूनच फुलोऱ्याच्या काळात पावसाने काही दिवस ओढ दिली, तर घोस विरळ भरतात.

हाच पाऊस मुळाशी साचला, तर फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीवामुळे हिरवागार वेल थोड्याच दिवसांत मरतो. उताराची जमीन येथे उपयोगी पडते, कारण तिच्यावर पाणी थांबत नाही. तरीही बुंध्याशी मातीची भर द्यावी, शेणखतातून ट्रायकोडर्मा ही रोगजंतूंना रोखणारी उपयुक्त बुरशी घालावी, पावसाच्या तोंडावर मोरचूद आणि चुन्याचे एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे आणि जमिनीवर लोळणारे फुटवे बांधून घ्यावेत किंवा कापावेत, कारण मातीचे शिंतोडे पानांवर उडून रोग चढतो.

घोसातला एखाद-दुसरा दाणा लाल झाला, की तोडणी करतात. हिरवे दाणे मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवले, की सालीतल्या विकरामुळे ते एकसारखे काळे होतात. कापलेले वांगे काळवंडते, तशीच ही क्रिया आहे. शंभर किलो ओल्या मिरीची सुमारे तेहेतीस किलो सुकी मिरी होते. ती नीट वाळलेली असेल तर महिनोन्‌महिने टिकते, म्हणून भाजीसारखी त्याच दिवशी पडेल त्या भावाला विकावी लागत नाही; रस्ता तुटणाऱ्या वाडीसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

उत्पन्न तिसऱ्या वर्षी सुरू होते आणि भावात चढउतार मोठे असतात. म्हणून आरंभ दहा वेलांनीच करावा, बुंध्याशी पाल्याचे आच्छादन घालावे, शेजारी पाण्याचे झिरपते मडके पुरावे आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर त्यांतले किती वेल तगले, ते मोजूनच पुढची रोपे आणावीत.