सिल प्लेट : बांधीव भिंतीवरील, गृहरचनेच्या संगणकीय प्रतिमानात

वीट, दगड किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बांधलेल्या भिंतीच्या माथ्यावर आडवी बसवून बोल्टांनी जखडलेली लाकडी पट्टी म्हणजे सिल प्लेट. वरच्या लाकडी सांगाड्याचा भार ती बांधकामावर पसरवते, खिळे ठोकण्यास जागा देते आणि गवंड्याच्या कामातील उंचसखलपणा सुताराच्या कामापर्यंत पोहोचू देत नाही. गृहरचनेच्या आज्ञावल्यांमध्ये भिंत हा एकसंध घटक मानण्याची प्रथा असल्यामुळे दोन साहित्यांच्या सांध्यावरची ही पट्टी प्रतिमानात कोठे व कशी धरावी, हा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा लागतो.

‘सिल’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘सिल्’ म्हणजे पायाची तुळई या शब्दापासून आला आहे; खिडकीच्या तळाचा जो अर्थ आज अधिक परिचित आहे, तो मागाहूनचा. जमिनीत पुरलेले खांब कुजतात म्हणून ते दगडी पायावरील आडव्या तुळईवर उभे करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये सुमारे १२०० च्या आसपास रूढ होत गेली, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. परंतु कुजलेल्या लाकडाचा पुरावाच मुळात कमी टिकतो, त्यामुळे हा काळ सैलपणेच घेतलेला बरा. जाड तुळईची जागा पातळ पट्टीने केव्हा घेतली, याविषयीचा वाद करवती लाकूड व खिळे यांवर उभ्या राहिलेल्या ‘बलून’ चौकटीच्या (हलक्या लाकडी सांगाड्याच्या) उगमाशी निगडित आहे. शिकागो येथे १८३२ मध्ये बांधलेल्या एका गोदामाच्या आधारे काहीजण तिचे श्रेय जॉर्ज वॉशिंग्टन स्नो यांना देतात, तर इतर काही १८३३ मधील सेंट मेरीज चर्चच्या आधारे ऑगस्टिन टेलर यांना. एका माणसाच्या शोधापेक्षा हळूहळू घडत गेलेला बदल म्हणून तिच्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. एरवी हा वाद इतिहासापुरता राहिला असता. तथापि त्या काळच्या अनेक घरांत सांगाडा पातळ झाला तरी तळाची सिल जाड तुळईचीच राहिलेली दिसते, आणि अशा घराचे प्रतिमान करताना आज्ञावलीने गृहीत धरलेली ३८ मिमी. जाडी सरळ चुकीची ठरते.

परिभाषेतही घोटाळा आहे. मजल्याच्या तुळयांखाली, बांधकामाला टेकलेली ती सिल प्लेट. तुळयांवरील फळीवर उभ्या राहणाऱ्या लाकडी भिंतीच्या तळाची ती सोल प्लेट. आणि बांधीव भिंतीच्या अगदी माथ्यावर, छपराचे वासे पेलणारी ती ब्रिटिश वापरात वॉल प्लेट. भिंत थेट काँक्रीटच्या लादीवर उभी असेल, तर पहिल्या दोन्हींचे काम एकच पट्टी करते. आज्ञावलीतील एकाच नावाची नोंद-चौकट यांपैकी नेमक्या कोणत्या पट्टीला लागू होते, हे छेदचित्र काढून पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये.

प्रतिमानातील मुख्य अडचण उंचीची आहे. नाममात्र दोन इंची लाकूड रंधून झाल्यावर ३८ मिमी. जाड उरते. मजल्यावर १९ मिमी. फळी, तिच्याखाली २३५ मिमी. खोल तुळया आणि त्यांखाली एक सिल प्लेट असेल, तर बांधकामाचा माथा फळीच्या पृष्ठापासून २९२ मिमी. खाली येतो. पट्टी विसरली, तर तो २५४ मिमी.वर धरला जातो आणि पायऱ्यांची उंची, दारांची पातळी, बाहेरील आवरणाची कड हे सर्व त्या ३८ मिमी.ने ढळते. उलट बाजूने, काँक्रीटच्या ठोकळ्यांचा एक थर मसाल्याच्या सांध्यासह सुमारे २०३ मिमी. उंच असतो व बारा थरांची भिंत सुमारे २,४३८ मिमी. भरते, पट्टीची जाडी या उंचीतून वजा न करता तिच्यावर मिळवावी लागते. एकूण उंची ठरवून भिंत खालीवर ओढणारा आराखडाकार नकळत वरचा थर कापून टाकतो, आणि कापलेला ठोकळा कागदावर कोणालाच खटकत नाही.

पट्टी दाखवण्याच्या तीन रीती दिसतात. पहिलीत खाली बांधकाम व वर लाकूड अशी दुहेरी भिंत काढतात. चीफ आर्किटेक्ट या आज्ञावलीत तिला पोनी वॉल म्हणतात. दुसरीत भिंतीच्या कडेने ठरावीक छेद ओढून नेतात; रेव्हिट या आज्ञावलीतील वॉल स्वीप हे त्याचे उदाहरण. ही रीत चित्रापुरती सोयीची असली, तरी अशी पट्टी भार घेणारा घटक म्हणून ओळखली जात नाही. तिसरीत पट्टी हा स्वतंत्र रेषीय घटक असतो. श्रम अधिक पडले, तरी लाकडाची मोजणी व बोल्टांच्या जागा यांसाठी तिसरीच विश्वसनीय होय. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या आयएफसी या प्रमाणकातही (आयएसओ १६७३९) तिची जागा ‘मेंबर’ या वर्गातील ‘प्लेट’ या उपप्रकारात आहे. त्याच प्रमाणकातील ‘प्लेट’ हा स्वतंत्र वर्ग पत्र्यासारख्या सपाट घटकांसाठी आहे. नामसाम्यामुळे निर्यातीत पट्टी चुकीच्या वर्गात पडणे सहज शक्य असते.

बाहेरील कड जुळवण्याचे दोन पर्याय आहेत. पट्टी बांधकामाच्या बाह्य पृष्ठाशी लावली, तर तिच्यावरील आवरणफळी स्वतःच्या जाडीइतकी बाहेर येते. पट्टी फळीच्या जाडीइतकी आत घेतली, तर फळी व बांधकाम एका ओळंब्यात राहतात. आज्ञावल्या सहसा वरच्या भिंतीचा मुख्य थर खालच्या भिंतीच्या मुख्य थराशी जुळवतात, म्हणजे काहीही न बदलल्यास पहिला पर्याय आपोआप निवडला जातो.

छपराच्या पातळीवर चूक वेगळ्या रूपात दिसते. भिंत बांधीव असल्यास काही आज्ञावल्या माथ्यावर पट्टी घालतच नाहीत व वासा थेट ठोकळ्यावर टेकवतात. वाश्याला मारलेली खाचही मग १९४ मिमी. जाडीच्या भिंतीएवढी रुंद निघते, जरी प्रत्यक्ष पट्टी १४० मिमी.चीच असली. इतक्या रुंद खाचेने वाश्याची उरलेली खोली धोकादायकरीत्या घटते. भिंत पट्टीच्या जाडीइतकी खाली घेऊन वाश्याची टेकण-पातळी हाताने नोंदवणे, हा यावरील रूढ उपाय होय.

बोल्टांबाबत अमेरिकेतील इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडच्या सर्वसाधारण तरतुदी अशा : किमान १२.७ मिमी. व्यास, काँक्रीटमध्ये किंवा ठोकळ्याच्या भरलेल्या पोकळीत किमान १७८ मिमी. खोली, कमाल १,८२९ मिमी. अंतर आणि पट्टीच्या प्रत्येक तुकड्याला किमान दोन बोल्ट, टोकापासून ३०५ मिमी.च्या आत एकेक. आज्ञावलीने आखलेली बोल्टांची समान अंतराची ओळ अखंड भिंत मोजते. तुकडे कोठे संपतात आणि ठोकळ्याची कोणती पोकळी भरलेली आहे, हे तिला ठाऊक नसते. पट्टीखालील ओलरोधक थर व वाळवीरोधक पत्रा यांची जाडी बहुतेक प्रतिमानांत धरली जात नाही. त्यांचा उल्लेख तपशीलचित्रातील टिपेतच आढळतो.