ताम्रनिक्षेप : निर्मिती आणि शोध

काढणे परवडेल इतके तांबे भूकवचात जिथे एकवटलेले असते, त्या साठ्याला ताम्रनिक्षेप म्हणतात. सर्वसाधारण खडकात दहा लाख भागांत तांबे जेमतेम 60 भाग असते. मोठ्या उघड्या खाणीत मात्र टनामागे चार-पाच किलो तांबे निघाले तरी खाण चालते. म्हणजे तिथे ते सत्तर-ऐंशी पटींनी साचलेले असते, आणि साचवण्याचे हे काम बहुतेक ठिकाणी पाणीच करते.

सर्वांत मोठे साठे पॉर्फिरी प्रकारचे, म्हणजे बारीक कणांत मोठे स्फटिक रुतलेल्या अग्निज खडकाशी निगडित. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तिथे शिलारस वर चढतो आणि काही किलोमीटर खोलीवर थिजू लागतो. थिजताना त्यातले खारट, तापलेले पाणी गंधक आणि तांबे घेऊन वेगळे होते. दाबाने खडक तडकतो, पाणी भेगांत शिरून निवते आणि तांबे, लोह व गंधक यांचे खनिज, चाल्कोपायराइट, मागे ठेवते. हे पिवळे खनिज पाहून अनेकांना सोन्याचा भास झाला आहे. चाकूने ओरखडले की खरे काय ते कळते, कारण त्याची भुकटी हिरवट काळी पडते.

पुढे झीज होऊन हा साठा वर येतो आणि पावसाच्या पाण्याची पाळी सुरू होते. सोबतच्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजापासून गंधकाम्ल बनते, ते तांबे विरघळवून खाली नेते आणि भूजलपातळीजवळ चाल्कोसाइट या तांबे-गंधकाच्या खनिजाच्या रूपाने साठवते. वर उरते ती लोहाची तांबडी-तपकिरी टोपी. काही तांबे मॅलाकाइट हे हिरवे खनिज होऊन खडकावर हिरवे डाग पाडते. चिंचेने घासायचा राहिलेल्या तांब्याच्या हंड्यावर चढणारा हिरवा थर याच जातीचा.

शोधकाची नजर आधी या खुणांवर असते. राजस्थानातील खेत्री आणि झारखंडातील सिंगभूम इथे तर जुन्या खाणींचे खड्डे आणि धातुमळीचे ढीगच वाटाडे ठरले. पण हिरव्या डागावर फार विसंबू नये. बोटभर शिरही अख्खा कडा रंगवते, आणि खरा मोठा साठा कधीकधी डागही दाखवत नाही.

चिलीच्या अटाकामा वाळवंटातील एस्कोंदिदा ही खाण याचे ठळक उदाहरण. तिथल्या माथ्यावरचे तांबे जवळजवळ सगळे धुऊन गेले होते, पण आम्लाला न जुमानणारा मॉलिब्डेनम हा धातू मागे राहिला होता. भूवैज्ञानिक डेव्हिड लॉवेल यांनी जॉन गिल्बर्ट यांच्यासह 1970 मध्ये पॉर्फिरी साठ्याभोवती बदललेल्या खडकांची वलये मांडली होती. अशाच खुणा वाचत लॉवेल यांच्या चमूने मार्च 1981 मध्ये छिद्रण करून टोपीखालचा समृद्ध थर गाठला. एस्कोंदिदा या स्पॅनिश शब्दाचा अर्थच ‘लपलेली’. आज ती जगातील सर्वाधिक तांबे देणारी खाण आहे.

आपल्याकडे मध्य प्रदेशातील मलाजखंडचा साठा सुमारे अडीच अब्ज वर्षे जुन्या ग्रॅनाइटमध्ये आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे तांब्याच्या शिरा आहेत.

जमीन झाकलेली असेल तर ओढ्यांतील गाळाचे नमुने घेऊन तांब्याचे प्रमाण वरच्या अंगाला कुठे वाढते ते पाहतात. जमिनीत वीज सोडून ती अचानक बंदही करतात. सल्फाइडचे, म्हणजे धातू-गंधकाच्या खनिजांचे, कण विखुरलेले असतील तर विद्युतदाब झटकन न ओसरता रेंगाळतो. शेवटचा निकाल मात्र छिद्रणातून निघालेल्या खडकाच्या गाभ्यावरच लागतो.