पेलेटचा डबा घेण्याआधी

१० मीटर एअर रायफलच्या नेमबाजांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

दुकानात रोज येणारा प्रश्न : "४.४९ घेऊ की ४.५०?" आम्ही उलट विचारतो, "रायफल आणलीय का?"

डब्यावरचा तो आकडा म्हणजे पेलेटच्या (एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळीच्या) डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एका साइजमधून दुसरीत फरक फक्त शंभरांश मिलिमीटरचा. पण प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही एकच पेलेट मानवेल असं नाही, तेव्हा मित्राचा डबा बघून आपला ठरवू नका.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि दशांश गुणांत (एका शॉटचे जास्तीत जास्त १०.९) ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. नेम अचूक असूनही पेलेट सव्वा मिलिमीटर सरकला, तर १०.९ चे १०.४ होतात. ६० शॉट्सच्या मॅचमध्ये हे भारी पडतं.

तपासणी अशी करतो : रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पक्की बांधायची. पेलेटचा प्रकार बदलला की पहिले चार-पाच शॉट सोडून द्यायचे. मग १० मीटरवर एकाच जागी दहा शॉट, म्हणजे एक ग्रुप, आणि त्यांच्या भोकाची बाहेरची कड ते बाहेरची कड व्हर्नियर कॅलिपरने मोजायची. पेलेटच ४.५ मिलिमीटरचा, त्यामुळे साडेपाच मिलिमीटरच्या आतला ग्रुप उत्तम. सातच्या पुढे गेला तर तो डबा सरावाला ठेवा. एका ग्रुपवर मात्र भुलू नका. एखादा चांगला ग्रुप नशिबानेही पडतो. निदान तीन काढा.

पेलेट जुळला की डब्यावरचा बॅच नंबर लिहून घ्या आणि सीझनभराचे डबे त्याच बॅचचे घ्या. ब्रँड तोच, साइज तीच, पण पुढची बॅच वेगळी वागू शकते. ५० मीटरचे मोठे नेमबाज तर .२२ (इंच) च्या काडतुसांचा लॉट, म्हणजे बॅच, निवडायला रायफल घेऊन थेट जर्मनी-इंग्लंडच्या कारखान्यांत जातात.

आता आमच्याच धंद्याच्या विरुद्ध एक गोष्ट. मुलाचे शॉट अजून आठ-नऊ गुणांमध्ये पसरत असतील, तर महागडे पेलेट घेऊ नका. ती पसरण हाताची आणि श्वासाची आहे. रोज शंभर शॉट मारणाऱ्याचा ५०० चा डबा पाच दिवसांत संपतो. तो पैसा नेमबाजीच्या जॅकेटसाठी ठेवा.

डबा खाली पडला तर पेलेटची मागची पातळ कड चेपते. असे पेलेट वेगळे काढा. कोकणातल्या दमट हवेत शिशावर पांढरी पूड धरते, म्हणून झाकण घट्ट लावा. पेलेट तोंडात धरायचा नाही, आणि रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्यातल्या पोळीला हात लावायचा नाही.

तपासणीला येताना रायफलचा हवेचा सिलिंडर भरून आणा. मध्येच दाब उतरला, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.