स्कीइंगमध्ये मागून येणाऱ्याला वाट द्यायची असते? नाही हो, उलटं आहे

गुलमर्गला पोरांना पहिल्यांदा स्कीवर उभं करणारे बरेच आईबाबा एकच शिकवतात, की मागून कोणी जोरात आलं तर पटकन बाजूला हो. हे साफ चुकीचंय आणि धोक्याचंही, कारण रस्त्यावरच्या हॉर्नची सवय आपण बर्फावर घेऊन जातो.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड फेडरेशनचे १० नियम आहेत, १९६७ पासूनचे, आणि त्यात स्पष्ट आहे की खाली, पुढे असलेल्याचा हक्क आधी. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही, म्हणून जबाबदारी मागच्याची. ओव्हरटेक करतानाही एवढी जागा सोडायची की पुढचं पोर अचानक वळलं किंवा पडलं तरी धक्का लागू नये.

आणि "साइड, साइड" ओरडलं की काय होतं बघा, पोरगं दचकून मान मागे वळवतं, मानेबरोबर खांदा वळतो, दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून धरलेला ब्रेक, ज्याला पोरं पिझ्झा म्हणतात, तो सुटतो आणि ते नेमकं तुमच्याच वाटेत येतं.

मग पोरांना शिकवायचं काय? निघण्याआधी वर बघ, मग खाली बघ. अरुंद जागी किंवा उंचवट्यामुळे वरून येणाऱ्याला दिसणार नाही अशा ठिकाणी थांबायचं नाही, पडलास तर जमेल तेवढ्या लवकर कडेला ये. आणि पुढे कोणी हळू चाललं असेल, तर वेग तूच कमी कर.